कुहीकडच्या नाल्यातली काळी भिंत

मे महिन्यात नागपुरातून कुहीकडे फिरायला म्हणून कोणी जात नाही. बसच्या कंडक्टरने मला दोनदा विचारलं, "लग्नाले चालल्या का म्याडम?" मी म्हटलं, "नाही, दगड पाहायला." त्याने मशीनमधून तिकीट काढून माझ्या हातात दिलं आणि पुढे ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, "आज दगड पाह्यनारे बी निघाले गा! ऊन डोक्शात गेलं लोकायच्या."

बसमधले चार-पाच जण हसले. मीही हसले. सकाळचे सात वाजले होते आणि खिडकीची दांडी आत्ताच तापायला लागली होती.

मी बेसा भागात दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते आणि एका कॉलेजात तासिका तत्त्वावर भूगर्भशास्त्र शिकवते. मूळची मी काटोल तालुक्यातली. वडील संत्र्याच्या बाजारात पेट्या उचलतात, आई निंदणाला जाते. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. ज्या शिक्षकांनी मला हा विषय शिकवला, त्यांचे उपकार मी विसरत नाही; पण एक गोष्ट कबूल करायला हवी. डाइक म्हणजे काय हे मी परीक्षेत किमान सहा वेळा लिहिलं असेल. जमिनीच्या पोटातला तापलेला शिलारस वरच्या खडकाच्या उभ्या भेगेत घुसतो, तिथेच थंड होतो आणि खडकात खडकाची एक उभी पट्टी तयार होते, ती डाइक. आकृतीला मला पैकीच्या पैकी गुण मिळत. प्रत्यक्षात मात्र मी एकही डाइक पाहिली नव्हती. आमच्या काटोलकडे सगळा काळा पाषाण, एकावर एक आडव्या थरांचा. आमच्या वर्षीची अभ्याससहल चुनखडीच्या खाणीला गेली. उभा खडक माझ्यासाठी वहीतल्या दोन पेन्सिलीच्या रेघाच होत्या.

या डाइकचा पत्ता मला माझ्याच फोनमध्ये लागला. कॉलेजात लागण्याआधी मी सात महिने एका संस्थेत काम केलं होतं. नाला खोलीकरणाच्या कामांचे अर्ज भरायचं ते काम. गावागावांतून नाल्यांचे फोटो फोनवर येत. आम्ही तिघीजणी नागपुरात पंख्याखाली बसून फोटो पाहायचो आणि रकाने भरायचो. मागच्या आठवड्यात फोनची जागा भरली म्हणून जुने फोटो पुसत होते. एका फोटोवर बोट थांबलं. गुलाबी खडकाचा नाला, आणि त्याला या काठापासून त्या काठापर्यंत आडवी कापत गेलेली काळी पट्टी, सरळ, सुताराने दोरी धरून आखावी तशी. मी खाटेवर उठून बसले. ही तर डाइक होती! नागपूरपासून दीड तासावर, आणि मी ती एकदा पाहून विसरलेही होते. फोटोखाली गावाचं नाव होतं. मुलांना जून-जुलैत तिथेच न्यायचं ठरवलं, आणि आधी आपण पाहून यावं म्हणून निघाले.

दिघोरी नाका मागे पडला, उमरेड रस्त्यावर ट्रकांची रांग लागली, मग कुही फाट्यावरून बस आत वळली. धानाच्या बांध्या (पाणी अडवायला बांध घातलेले शेताचे तुकडे) भेगाळून पडल्या होत्या. मोहाच्या झाडांना नवी तांबूस पानं आली होती, तेवढाच काय तो डोळ्यांना गारवा. कुहीच्या स्टँडवर मी पोहे-तर्री खाल्ली. तर्री इतकी तिखट होती की दुकानदाराने न मागता साखर पुढे केली. "कुठच्या होय तुम्ही?" म्हणाला. काटोलची म्हटल्यावर त्याने मान हलवली, "मंग रडून काहून राहिल्या? तिकडे तं यापेक्षा झोंबते." तिथून काळी-पिवळीत आठ माणसं आणि दोन कोंबड्या यांच्याबरोबर मी त्या गावाला पोहोचले. गावाचं नाव इथे लिहीत नाही. का, ते वाचल्यावर कळेल.

नाल्याची वाट विचारायची गरज पडली नाही. डोक्यावर धुण्याचं गाठोडं घेतलेली एक म्हातारी पुढे चालली होती, तिच्या मागे गेले. तिचं नाव पारबताबाई. तिने वळून माझ्या हातातला हातोडा पाहिला.

"हे कायले वं पोरी?"

"दगड फोडून पाहायला, आजी."

"अव्वो! त्यासाठी एवढ्या दुरून आली? दगड तं फोडूनच राह्यले तिथं. तुह्या हातोडीचा काय उजेड पडनार हाय?"

तिचं बोलणं मी हसण्यावारी नेलं. तेवढ्यात वाट उताराला लागली आणि मला समोर नाला दिसला.

मी जागीच थांबले. फोटोत जे बोटाएवढं दिसलं होतं ते इथे दहा-बारा पावलं रुंद होतं. दोन्हीकडे गुलाबी, पांढरट पट्ट्यापट्ट्यांचा खडक, पुस्तकात ज्याला पट्टिताश्म म्हणतात तो, आणि त्याच्यामधून एकदम काळी भिंत. मध्ये कुठे मिसळणं नाही, फिकट होत जाणं नाही. गुलाबी संपतो तिथे काळा सुरू होतो, त्या रेषेवर मी नख ठेवू शकत होते. मी हातोडा बाजूला ठेवला आणि गुडघे टेकून बसले. भिंतीच्या मधोमध हात फिरवला तर खडक रवाळ, जाडा लागला. कडेकडे येत गेले तसा बारीक होत गेला, आणि गुलाबी खडकाला चिकटून तो काचेसारखा गुळगुळीत होता. शिलारस आत आला तेव्हा कडेचा भाग थंड खडकाला लागून पटकन गोठला, मधला सावकाश निवत गेला, हे मी मुलांना परवाच फळ्यावर सांगितलं होतं. सांगताना मला ते खरं वाटलं होतं की नाही, याची आता शंका आली. भिंतीत आडव्या भेगा होत्या, कोणी जळतणाची लाकडं रचून ठेवावीत तशा. अंगावर काटा आला म्हणतात तो मे महिन्याच्या उन्हातही येतो.

आणि पाणी! भिंतीच्या वरच्या अंगाला, मे महिन्यात, डोह भरलेला होता. स्वच्छ, हिरवा, म्हशी बुडतील एवढा. खालच्या अंगाला कोरडी वाळू.

"बाराही महिने राहतं का हो पाणी, आजी?"

"माह्या सासूच्या सासूपासून हाय," पारबताबाई गाठोडं सोडत म्हणाली. "त्या भितावरच धुतो आमी. पन आज काय झालं कोन जाने, धुवाची शिळा उघडी पडली." तिने बोट दाखवलं. एका सपाट काळ्या दगडावर पाण्याची ओली खूण होती आणि पाणी त्या खुणेच्या चांगलं वीतभर खाली गेलं होतं. "काल दुपारी शिळा पान्यात होती वं."

तेव्हा मला पाण्याचा आवाज ऐकू आला. भिंतीच्या पलीकडच्या टोकाला, काठाजवळ, एक खाच होती. ताजी. काळ्या खडकावर राखाडी पूड उडालेली, कडा धारदार, आणि त्या खाचेतून डोहाचं पाणी मांडीएवढ्या धारेने खालच्या वाळूत पडत होतं. त्याच्यापुढे, बाभळीच्या सावलीत, पिवळं ब्रेकर मशीन उभं होतं.

मी अक्षरशः धावत गेले. मशीनचा ऑपरेटर बालाघाटकडचा, पन्नाशीचा माणूस, सावलीत बसून तेलाची नळी पुसत होता. काल संध्याकाळी नळी फुटली म्हणून काम थांबलं होतं. आता दुरुस्त झाली होती.

"आप ये क्यूँ तोड़ रहे हो?"

"ऑर्डर है मैडम. पर ये पत्थर नहीं है, लोहा है. कल से दो छेनी टूट गई." त्याने तुटलेलं पातं दाखवलं. "कागज में लिखा है, नाले में खुले पत्थर पड़े हैं, हटा दो. खुले पत्थर! बताइए! किस अक्कल के दुश्मन ने लिखा है, एक बार मिल जाए तो उसी से उठवाऊँ."

मी हसले. खरंच हसले. म्हटलं, "हे सुटे दगड नाहीत, याचं मूळ कित्येक मैल खाली आहे. ज्याने लिहिलं त्याने जागा पाहिलीच नसणार."

"वही तो!" तो म्हणाला.

तेवढ्यात गावाकडून पाच-सहा माणसं आली. पुढे एक बाई, चाळिशीच्या आत-बाहेर, हातात प्लास्टिकची फाइल. त्या सरपंच वनिताताई. मशीन सुरू करायला नारळ आणलेला होता. काल घाईत राहून गेला म्हणून नळी फुटली, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. मी पुढे होऊन सांगितलं की मी भूगर्भशास्त्र शिकवते, आणि ही भिंत तोडली तर डोह जाईल, डोहाच्या आधाराने भरणाऱ्या वरच्या गावच्या विहिरी जातील.

वनिताताईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "वरच्या गावच्यायनं पाठवलं का तुमाले?"

"मला कोणी पाठवलं नाही."

"मंग आयका म्याडम. हे भित वरच्या गावाचं पानी अडवून ठेवते. खाली आमची टोली हाय, गावापासून अलग वस्ती. आमची वीर होळीलेच आटते. मंग आमच्या बाया वरच्या विरीवर जातात. कोनी नाई म्हनत नाई, खोटं काहून बोलू? पन वरच्यायची रांग सरली का मंग आमची पाळी. ऊन असो का ताप असो. दोन वर्सं चकरा मारून हे काम आनलं मी. अन् हे काई माह्या मनचं नोहे. तुमच्यासारख्याच शिकेल मानसानं लिहून देल्लं हाय. वाचा."

त्यांनी फाइल उघडून माझ्यासमोर धरली.

नाल्यातील अडथळा: आहे. स्वरूप: गाळ, झुडपे, सुटे दगड, खडक, यांपैकी 'सुटे दगड' यावर खूण. शिफारस: काढून टाकावेत. खाली 'तपासणी करणार, भूगर्भशास्त्र पदवीधर', आणि सही. सहीतल्या शेवटच्या अक्षराची शेपटी लांब खाली ओढून मागे वळवलेली. ती शेपटी वळवायला मी बी.एस्सी.ला असताना पूर्ण सुट्टीभर सराव केला होता.

ते सात महिने आठवले. दिवसाला तीस, कधी चाळीस अर्ज. फोटो तोच, पण घाईत पाहताना आडव्या भेगांमुळे भिंत फुटक्या दगडांच्या ढिगासारखी दिसलेली. मी किती वेळ पाहिला असेन तो फोटो? चहा येईपर्यंत? काढून टाकावेत. पुढचा.

कागद मी परत दिला नाही. बहुतेक घट्ट धरून ठेवला असावा, कारण वनिताताई म्हणाल्या, "फाटन ना म्याडम."

"ही सही माझी आहे," मी म्हटलं.

"काय?"

मी पुन्हा सांगितलं, पण आता तोंडून पुस्तकातली भाषा निघेना. "हे म्याच लिहिलं ताई. मी आली नोहती इथं. फोटो पाहून लिहिलं. हे दगड सुटे नाई. माह्या हातून चूक झाली."

ऑपरेटरला मराठी पुरती कळत असावी. त्याने हातातली नळी खाली ठेवली आणि तोंड फिरवलं. मग मागून एक म्हातारा बोलला, "फोटो पाहून तं आता पोरगी बी पसंत नाई करत कोनी, घरी जाऊन पाह्यतात!" दोन-तीन जण हसले, पण वनिताताई हसल्या नाहीत.

"मनजे तवा फोटो पाहून लिहिलं," त्या सावकाश म्हणाल्या, "अन् आता दगड पाहून उलटं बोलून राह्यल्या. उद्या आनखीन काई पाह्यसान, मंग आनखीन दुसरं सांगसान. आमी कोन्या दिवशीचं खरं मानाव?"

मी एवढंच म्हटलं, "माझं नका मानू. चला, पाणी कुठे जातं ते पाहू."

काल संध्याकाळपासून खाचेतून पाणी वाहत होतं. ते खालच्या टोलीकडेच निघालं होतं, तेव्हा ते कुठवर पोहोचलं हे तर पाहता येणार होतं. सगळे धारेबरोबर निघालो. शंभरेक पावलं धार दिसली, वाळूतून चकाकत. मग रुंद झाली, पसरली, नुसती ओल राहिली. आणखी थोडं पुढे ओलही संपली. एक जण बसून हाताने वाळू उकरायला लागला. कोपरापर्यंत हात गेला तेव्हा बोटं ओली झाली. पाणी वाळूच्या खालून पुढे, नदीच्या दिशेने, निघून चाललं होतं. रात्रभर डोहाचं वीतभर पाणी गेलं, आणि टोलीची विहीर अजून दोन शेतं लांब, काठाच्या वर होती.

वनिताताई विहिरीकडे गेल्या. त्यांनी स्वतः बादली सोडली. दोर सरसरत गेला, गेला, आणि तळातून कोरडा खणखणाट आला. दोराला हाताएवढ्या अंतरावर गाठी होत्या. त्यांनी मोजल्या, सव्वीस. मग तोच दोर खांद्यावर टाकून त्या आल्या वाटेने परत निघाल्या, आम्ही मागे. भिंतीच्या वर, डोहाच्या काठावर, वरच्या गावच्या पारबताबाईंच्या विहिरीत दोर सोडला. नवव्या गाठीला बादली डुबली.

"दरवर्षी या दिवसात किती गाठीवर राहते?" मी विचारलं.

पारबताबाई काठावर टेकून उभी होती. "गाठी मोजाची येळ कवा आली वं आमच्यावर? उभी राहून वाकलं का तोंड दिसते. आज दिसून नाई राह्यलं."

मी खरं तेच सांगितलं. एका रात्रीवरून पक्कं काही म्हणता येत नाही, मशीन सुरू ठेवलं तर महिनाभराने कळेल, पण तोवर भिंत उरणार नाही आणि ही भिंत कोणाला परत बांधता येणार नाही. सिमेंटने तर नाहीच. मग खडूच्या तुकड्याने काळ्या खडकावर आकृती काढली. ही भिंत नाल्यातच नाही, दोन्ही काठांच्या आत जमिनीखालून लांब गेलेली आहे. वरून झिरपत येणारं पाणी तिला अडतं आणि तिच्या वरच्या कडेने साठतं. काळा आणि गुलाबी खडक जिथे भेटतात तिथे खडक तडकलेला असतो, पाणी तिथे धरून राहतं. टोलीसाठी विहीर घ्यायची तर ती टोलीत नाही, इथे, या कडेला घ्यायला हवी. टोली उताराला आहे, म्हणजे पाइप टाकला की पाणी मोटारीशिवाय आपोआप जाईल.

"इथं?" वनिताताईंनी पाय आपटला. "वरच्यायच्या उरावर?"

"नाल्याच्या हद्दीत. ती कोणाच्या मालकीची नाही."

त्यांनी पारबताबाईंकडे पाहिलं. मला वाटलं आता भांडण होतं. म्हातारीने पदराने तोंड पुसलं. "पाह्यतं काय माह्याकडे? खंदा ना. टोलीच्या नावावर खंदा, नाई तं नवऱ्याच्या नावावर खंदा. पन हे भोक आधी बुजवा, माह्यं धुनं तसंच पडून हाय."

"अन् मंग तुहे पोरं म्हनतीन, आमच्या डोहातलं पानी नेऊन राह्यले."

"म्हनतीन. म्हनले का मले बलावजो."

वनिताताईंनी डोहाकडे पाहिलं. दोन वर्षांच्या चकरा, टोलीतल्या बायांना दिलेला शब्द, काठावर तसाच ठेवलेला नारळ. त्या मला म्हणाल्या, "आठ दिवस मशीन थांबवतो. आठच. तवरोक भूजल खात्यातला मोठा मानूस आनून उभा करा इथं. तुमचं एकटीचं आयकून मी टोलीत तोंड दाखवाले नाई जाऊ शकत. अन् हे," त्यांनी फाइल पुढे केली, "हे आता याच कागदावर, मागून लिहून द्या. मोठ्या अक्षरात. अन् वाचून दाखवा."

लिहिताना मला भीती वाटली हे लपवत नाही. त्या संस्थेकडून विचारणा होईल, कॉलेजपर्यंत गोष्ट जाईल, तासिका पुढच्या वर्षी मिळणार नाहीत, हे सगळं पेनच्या टोकाशी येऊन बसलं. मी लिहिलं: "हा अर्ज मी जागेवर न येता, फोटो पाहून भरला होता. नाल्यातील काळा खडक हा सुटे दगड नसून अखंड डाइक आहे. तो तोडू नये. पूर्वीची माझी शिफारस चुकीची आहे." तारीख घातली, सही केली. मग उभी राहून मोठ्याने वाचलं. 'चुकीची आहे' या शब्दांवर आवाज फुटला, म्हणून वनिताताईंनी ती ओळ पुन्हा वाचायला लावली.

खाच बुजवायला दुपार लागली. मुरूम-मातीची पोती भरून टोलीतल्या बायांनी आणि वरच्या गावातल्या दोघांनी ती एकमेकांच्या हाती दिली. मी रांगेत मध्ये उभी होते. ऑपरेटर पाण्यात उतरून पोती दाबत होता. मध्येच माझ्याकडे पाहून म्हणाला, "मैडम, मैंने कहा था ना, मिल जाए तो उसी से उठवाऊँगा!" त्यावर सगळा नाला हसला, वनिताताईसुद्धा. मी पोतं पुढे दिलं.

जेवण वनिताताईंकडे झालं. भात, तुरीचं वरण, वड्यांची रस्साभाजी आणि जवसाची चटणी. बसल्याबरोबर त्यांच्या सासूने तांब्याभर पाणी पुढे ठेवलं. हे पाणी सकाळी कुणीतरी वरून डोक्यावर आणलेलं आहे हे माहीत असताना ते प्यायला मला जड गेलं. वनिताताईंना ते कळलं असावं. "पिऊन घ्या," त्या म्हणाल्या. "आनलेलं पानी पाहून कोनाची तहान नाई जात." चटणी वाढताना त्या टोलीतल्या बाकीच्या बायांना संध्याकाळी काय सांगायचं हे मनात जुळवत असाव्यात. मी त्यांना या उन्हाळ्याचं पाणी देऊ शकले नव्हते. आशेवर आलेलं एक मशीन तेवढं थांबवून चालले होते.

चारच्या काळी-पिवळीने निघाले. निघताना डोहाकडे गेले नाही, फोटोही काढला नाही. ज्याच्यासाठी हातोडा आणला होता तो खडकाचा नमुनाही घेतला नाही. गावाचं नाव मी का लिहीत नाही ते आता कळलं असेल: आमच्या क्षेत्रात चांगली डाइक सापडली की प्रत्येक बॅच हातोडा घेऊन येते आणि आठवण म्हणून कडेचा तुकडा नेते. तिची एक खाच बुजवायला किती हात लागतात हे मी पाहून आले आहे. मुलांना मी तिथे नेणार आहे, पण हातोडे खोलीवर ठेवून.

कुहीच्या स्टँडवरून भूजल खात्यात असलेल्या माझ्या एका सरांना फोन केला. सगळं सांगितलं, सहीसकट. ते म्हणाले, मंगळवारी येतो, तूही ये. मी मनापासून त्यांचे आभार मानले. ते म्हणाले, आभार नंतर, आधी तू भरलेल्या बाकीच्या अर्जांची यादी काढ.

बाकीचे अर्ज. सात महिने, दिवसाला तीस. बस उमरेड रस्त्याला लागली आणि मी खिडकीबाहेर दिसेल त्या प्रत्येक नाल्याकडे पाहत बसले. पुलावरून जाताना खाली एक क्षण वाळू दिसते, कधी काळं काही दिसतं, आणि बस पुढे निघून जाते. एवढ्याच वेळात मी लोकांच्या पाण्याचे निकाल दिले होते.

दिघोरीला गर्दीत बस थांबली तेव्हा आईचा फोन आला. रोज येतो. जेवली का, डोक्याले बांधलं होतं का. मला राहवलं नाही, तिलाही सगळं सांगितलं. डाइक तिला काय कळणार म्हणून नुसतं भिंत म्हटलं. मी लिहिलं, मी गेले नव्हते, त्यांनी मशीन आणलं.

आई निरक्षर आहे. माझी सही तिला फार आवडते. माझ्या पहिल्या पगाराच्या कागदावरच्या सहीवरून तिने बोट फिरवलं होतं. ती ऐकत राहिली आणि मग तिने नवल वाटून विचारलं, "मंग तुही सही तुह्या आंधीच जाऊन पोचली तिथं?"

"हौ."

"अव्वो माय," ती म्हणाली. "माहा अंगठा तं मी गेल्याबिगर कुठंच नाई जात. राशनच्या दुकानात बी मलेच उभं राहा लागते उन्हात. तुहा बाप म्हनते, दे तुहा अंगठा, मी घेऊन येतो. म्या म्हनलं, कापून देऊ का?"

ती आपल्याच बोलण्यावर हसायला लागली. गाडी सुटली, आजूबाजूची माणसं उठून दाराकडे सरकू लागली. मी फोन कानाला तसाच धरून बसले. माझं उतरायचं ठिकाण गेलं, तेही पुढच्या चौकात लक्षात आलं.